मिलो, मदत आणि घामाचे दाम

ग्रामीण कथा-कादंबऱ्या आणि आत्मकथने वर्गात वाचताना काही शब्दांपाशी विद्यार्थी हमखास अडतात. ‘मिलो’, ‘सुकडी’, ‘केअर’, ‘काँग्रेस गवत’ हे त्यांपैकी काही. आपण शिक्षक मंडळी तळटीप दिल्यासारखा अर्थ सांगून मोकळे होतो. मिलो म्हणजे बाहात्तरच्या दुष्काळात आलेली अमेरिकेची तांबडी ज्वारी. सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर मिळणारा खाऊ. अर्थ चुकीचा नसतो, अपुरा मात्र असतो. या शब्दांच्या पाठीशी अन्नासाठी परावलंबी झालेल्या एका राष्ट्राने एका महासत्तेशी केलेल्या व्यवहाराचा पाव शतकाचा इतिहास आहे. तो करारांच्या मसुद्यांत आणि सरकारी जमाखर्चात लिहिला गेला, तसा तो बोलीतही लिहिला गेला. या दोन लेखनांत जो फरक पडला आहे, त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. ज्या व्यवहाराला आपण ‘परकीय मदत’ म्हणत आलो, तो बराचसा खरेदी-विक्रीचा व्यवहार होता आणि त्याची किंमत आपण या ना त्या रूपाने मोजली. परंतु किंमत मोजूनही घेणाऱ्याच्या वाट्याला याचकपण आले, आणि देणाऱ्याच्या वाट्याला दातृत्व. हे कसे घडले हे समजून घ्यावयाचे तर अर्थशास्त्राइतकेच शब्दांकडेही लक्ष द्यावे लागते. म्हणून हा विषय साहित्याच्या अभ्यासकांनी परका मानू नये.

प्रारंभ १९५१पासून करता येईल. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच मोठ्या टंचाईत भारताने अमेरिकेकडे २० लाख टन धान्य मागितले. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात आणि सिनेटमध्ये या मागणीवर कित्येक महिने खल चालला. कोरियातील युद्धाबाबत नेहरूंनी घेतलेली भूमिका अनेक सदस्यांना रुचली नव्हती. धान्याच्या बदल्यात त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळू मिळावी, अशीही अपेक्षा व्यक्त झाली. या वाळूत अणुशक्तीसाठी उपयोगी थोरियम असते. भारताने ती मान्य केली नाही. अखेर जून १९५१मध्ये १९ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले. ते दान नव्हे, कर्ज होते. आणि नेहरूंनाही अटी चिकटलेल्या दानापेक्षा फेडता येणारे कर्जच अधिक मानाचे वाटत होते. दान आणि कर्ज यांतील हा भेद त्या पिढीच्या मनात स्पष्ट होता. पुढे तो पुसट होत गेला.

पुसट होण्याचे कारण म्हणजे १० जुलै १९५४ रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या स्वाक्षरीने अस्तित्वात आलेला अमेरिकेचा ‘पब्लिक लॉ ४८०’. आपल्याकडे तो ‘पी. एल. ४८०’ या नावाने ओळखला जातो. अमेरिकेत त्या काळी शेतमालाला आधारभाव देण्याच्या धोरणामुळे सरकारी कोठारांत गव्हाचे ढीग साचले होते. ते साठवण्याचा खर्च मोठा होता, आणि तो गहू देशातच विकला असता तर भाव कोसळले असते. तेव्हा ज्या देशांपाशी डॉलर नाहीत त्यांना तो त्यांच्याच चलनात विकावा, अशी तरतूद या कायद्याने केली. कायद्याच्या मूळ नावात ‘व्यापार’ हा शब्द ‘साहाय्य’ या शब्दाच्या आधी येतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ‘शांततेसाठी अन्न’ हे लोभसवाणे नाव त्याला नंतर चिकटले. याच कायद्याच्या वेगळ्या कलमांखाली आणीबाणीत आणि स्वयंसेवी संस्थांमार्फत फुकट धान्य देण्याचीही सोय होती. ‘केअर’चे शाळांतील दूध आणि खाऊ त्यातले. परंतु भारतात आलेल्या धान्याचा फार मोठा भाग विक्रीच्या कलमाखालचा होता.

भारताशी या कायद्याखालचा पहिला करार ऑगस्ट १९५६मध्ये झाला. सर्वांत मोठा करार झाला तो ४ मे १९६० रोजी वॉशिंग्टनमध्ये. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ, असा तो करार होता. अमेरिकेच्या बाजूने खुद्द आयसेनहॉवर यांनी स्वाक्षरी केली. भारताच्या बाजूने स्वाक्षरी करणारे अन्नमंत्री होते स. का. पाटील. मुंबईच्या राजकारणातील हे बलाढ्य नाव आणि संयुक्त महाराष्ट्राचे कट्टर विरोधक. अवघ्या तीन दिवसांपूर्वी, १ मे रोजी, मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले होते. मुंबईत मराठी राज्याचा मंगल कलश पूजला जात असताना त्या राज्याला विरोध केलेला मराठी मंत्री वॉशिंग्टनमध्ये देशाच्या चार वर्षांच्या भाकरीची तजवीज करीत होता. मराठी समीक्षेत ‘साठोत्तरी’ हा शब्द आपण सर्रास वापरतो. साठ साली मराठी भाषकांच्या राज्याला आरंभ झाला, हे आपण सांगतो. त्याच आठवड्यात त्या राज्याच्या शिधापत्रिकेवरील गव्हाचा उगमही ठरला, हे सांगावयाचे राहून जाते.

आता या गव्हाचे पैसे कोठे गेले ते पाहू. भारत सरकारने किंमत रुपयांत चुकती केली आणि ते रुपये भारतातच अमेरिकेच्या नावे जमा झाले. त्यांचा एक भाग भारताला विकासकामांसाठी पुन्हा कर्ज आणि अनुदान म्हणून मिळाला, एक भाग अमेरिकी कंपन्यांना येथील उद्योगांसाठी उसना दिला गेला, आणि एक भाग अमेरिकी वकिलातीच्या खर्चासाठी राखला गेला. गहू रेशनच्या दुकानातून आमच्या आजोबा-पणजोबांनी रोख पैसे देऊन घेतला होता. म्हणजे ग्राहकाने किंमत दिली, सरकारने किंमत दिली, आणि तरीही बोलण्यात राहिले ते ‘अमेरिकेने दिलेले धान्य’ असेच. बोलीतील या ‘दिलेले’मध्ये ‘विकलेले’ हा अर्थ कधी शिरलाच नाही.

या रुपयांचा एक ओघ मात्र आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे. १९५८मध्ये प्रतिनिधिगृहाचे सदस्य जॉन डिंगेल यांनी सुचवलेल्या दुरुस्तीनुसार, या स्थानिक चलनातून त्या त्या देशातील पुस्तके आणि नियतकालिके खरेदी करून अमेरिकी ग्रंथालयांना पाठवण्याची मुभा मिळाली. १९६२मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्यासाठी दिल्लीत कार्यालय उघडले. भारतीय भाषांतील निवडक प्रकाशनांच्या अनेक प्रती घेतल्या जाऊ लागल्या, त्यांच्या मासिक याद्या छापल्या जाऊ लागल्या आणि गठ्ठे शिकागो, पेनसिल्व्हेनिया, बर्कली अशा विद्यापीठांच्या ग्रंथालयांकडे रवाना होऊ लागले. मराठी ही त्या भाषांपैकी एक होती. गहू मुंबईच्या गोदीत उतरत होता, आणि त्याच गव्हाच्या किमतीतून घेतलेल्या मराठी कादंबऱ्या, कवितासंग्रह, नाटके सातासमुद्रापार निघाली होती.

याचे फलित लहान नाही. अमेरिकेतील महाराष्ट्र-अभ्यासाची एक संपूर्ण पिढी अशा संग्रहांच्या आधारे उभी राहिली. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवरील आपला प्रबंध १९६९मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सादर केला, तो याच काळात. झेलियट यांच्यासारख्या अभ्यासकांनी महाराष्ट्रात येऊन, माणसांत राहून काम केले, त्याचे मोल वेगळेच आहे. तरी दूरदेशीच्या एका विद्यार्थ्याला मराठी पुस्तक हाताशी मिळावे यामागे गव्हाचे रुपये होते, हेही तितकेच खरे. आमच्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४०पासून चालू आहे. वर्गणी आणि तुटपुंज्या अनुदानांच्या बळावर आपल्याकडच्या अशा संस्थांनी पुस्तके जमवली आणि सांभाळली. तिकडे मात्र एकेका वर्षाची खरेदी पद्धतशीर होत गेली. आज साठ-सत्तरच्या दशकातले एखादे दुर्मीळ मराठी पुस्तक शोधू लागल्यास त्याची नोंद अनेकदा अमेरिकी विद्यापीठाच्या सूचीत सापडते. ते तेथे अंकित करून ठेवलेले असते. पण स्वामित्वहक्काच्या नियमांमुळे येथून पूर्ण वाचता येत नाही. आमच्याच रुपयांनी घेतलेली आमचीच पुस्तके आम्हांला सूचीतील एका ओळीपुरती दिसावीत, ही स्थिती विचार करावयास लावते. याला कोणी लूट म्हणेल, तर आम्ही म्हणणार नाही. ती पुस्तके जपली गेली, हे उपकारच आहेत. पण ‘उपकार’ हा शब्द पुन्हा येथेही आलाच, याकडे लक्ष वेधावयाचे आहे.

किंमत केवळ रुपयांत मोजली गेली नाही. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस हुलकावणी देऊन गेला. १९६६मध्ये भारताला सुमारे एक कोटी टन धान्य आयात करावे लागले, आणि त्यातील बहुतेक अमेरिकेचे होते. अध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा करार टाळून धान्याची खेप महिन्या-दोन महिन्यांच्या हिशेबाने सोडण्याचे धोरण धरले. गाय खुंट्याला बांधताना दावे आखूड ठेवतात, तसा हा प्रकार. भारताने शेतीचे धोरण बदलावे हा एक हेतू होता, आणि व्हिएतनामवरील भारताची टीका खुपत होती हेही लपलेले नव्हते. जून १९६६मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले; डॉलरचा दर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला. त्यामागेही अमेरिका आणि जागतिक बँक यांचा दबाव होता. ‘जहाजातून थेट तोंडात’ असे त्या दिवसांचे वर्णन केले जाते. बंदरातील जहाज आणि घरातील चूल यांच्यामध्ये कोठारच उरले नव्हते.

येथे न्याय्य राहण्यासाठी दुसरी बाजूही सांगावयास हवी. ते धान्य आले नसते तर १९६६-६७मध्ये बिहारमध्ये किती माणसे दगावली असती, याची कल्पना करवत नाही. त्याच काळात नव्या बुटक्या गव्हाच्या वाणांकडे देश वळला आणि पाच-सहा वर्षांत गव्हाचे उत्पादन झपाट्याने वाढले. अपमानाने डिवचलेला देश कामाला लागला, असे एक कथानक यातून तयार झाले आणि ते पाठ्यपुस्तकांत रुळले. कथानक खोटे नाही. पण त्याला पंजाबची जमीन लाभली होती. महाराष्ट्राच्या कोरडवाहू जमिनीला ते लागू पडले नाही, हे बाहात्तर साली दिसून आले.

नाशिक जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. पश्चिमेला इगतपुरी, पेठ, सुरगाणा येथे सह्याद्रीचा धो धो पाऊस. पूर्वेला सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड हा पर्जन्यछायेचा पट्टा. १९७२मध्ये महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पाऊस पडला नाही. त्याच वर्षी सोव्हिएत संघाने अमेरिकेकडून गव्हाची प्रचंड खरेदी केल्याने जगाच्या बाजारात धान्याचे भाव भडकले होते. बांगलादेश युद्धानंतर अमेरिकेचे साहाय्य थांबले होते, आणि पी. एल. ४८०खालील सवलतीची खरेदीही १९७१च्या अखेरीस बंद झाली होती. तेव्हा सरकारला रोख परकीय चलन मोजून बाजारातून धान्य घ्यावे लागले. त्यात अमेरिकेतील तांबडी ज्वारी होती. तीच ही मिलो. १९७३मध्ये दुसऱ्या महासत्तेने, सोव्हिएत संघाने, २० लाख टन गहू उसना दिला.

म्हणजे मिलो ही सवलतीचीही नव्हती. ती रोखीने घेतलेली होती. तरीही महाराष्ट्राच्या स्मरणात सर्वांत लाचार करणारे धान्य कोणते, असे विचारले तर उत्तर मिलो असेच येते. यामागचे कारण अन्नाच्या संस्कृतीत आहे. गहू कोरडवाहू पट्ट्यातल्या गरिबाला परका होता, सणाचा होता. तो रेशनवर आला तर कुरकुर झाली तरी कमीपणा वाटला नाही. ज्वारी मात्र त्याची स्वतःची. भाकरीची चव, पांढरेपणा, थापताना पिठाला येणारा चिकटपणा, हे सारे पिढ्यान्‌पिढ्या जाणलेले. तीच ज्वारी तांबड्या रंगाची, भाकरी नीट न थापली जाणारी अशी समोर आली, आणि अमेरिकेत ती जनावरांना घालतात हे कानोकानी झाले. ते खरेही होते; अमेरिकेत मिलो मुख्यतः पशुखाद्य म्हणूनच पिकवली जाते. परक्याचे अन्न खाण्यापेक्षा आपल्याच अन्नाचे परक्याने टाकलेले रूप खावे लागणे अधिक लागते. ज्वारीचे मूळ आफ्रिकेत आहे. तेथून एका वाटेने ती फार प्राचीन काळी आपल्याकडे आली आणि भाकरी झाली; दुसऱ्या वाटेने अमेरिकेत गेली आणि चारा झाली. बाहात्तर साली या दोन वाटा रेशनच्या दुकानात एकमेकींना भेटल्या. ‘मिलो’ या शब्दात जी तुच्छता मुरली आहे, ती या भेटीतून आली आहे.

सुकडीची कथा निराळी. दुष्काळी कामावर पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते आणि खडी फोडणे अशी कामे होती. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. तेथे मजुरीबरोबर मिळणारी सुकडी ही बोलीत पुष्कळदा हळवेपणाने आठवली जाते. मुलांनी ती आईच्या पदरातून खाल्लेली असते. मिलो विकत घेतलेली असूनही ती भीक वाटली, आणि सुकडी फुकट वाटलेली असूनही ती कष्टाची वाटली. कारण सुकडीच्या मागे दिवसभर फोडलेली खडी होती. आमच्या मते, मदतीचा मान-अपमान वस्तूच्या किमतीवर ठरत नाही. घेणाऱ्याला तिच्या बदल्यात काही देता आले की नाही, यावर तो ठरतो.

महाराष्ट्राने या दुष्काळातून जो धडा घेतला तो याच जाणिवेचा होता. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकारास आलेली रोजगार हमी योजना १९७२मध्ये सुरू झाली, आणि तिचा कायदा १९७९च्या प्रजासत्ताकदिनापासून अमलात आला. तिचा खर्च भागवण्यासाठी शहरातील पगारदारांवर व्यवसायकर बसवण्यात आला. ‘हमी’ हा शब्द येथे नीट वाचावा. तो ‘मदत’ या शब्दाच्या अगदी उलट दिशेने चालतो. मदत देणाऱ्याच्या इच्छेवर असते. हमी मागणाऱ्याच्या हक्कावर. योजनेच्या अंमलबजावणीत दोष पुष्कळ राहिले, पण शब्द बदलला होता. २००५मध्ये देशाने रोजगार हमीचा जो कायदा केला त्याला महाराष्ट्राच्या या अनुभवाचा आधार होता.

‘काँग्रेस गवता’चीही नोंद घेऊ. पांढऱ्या फुलांचे हे तण, ज्याला पानांवरून गाजर गवत असेही म्हणतात, अमेरिकेच्या गव्हातून आले असे महाराष्ट्रात घरोघर सांगितले जाते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची ठळक नोंद पुण्यात १९५०च्या दशकाच्या मध्यास केली. पी. एल. ४८०चा पहिला करार १९५६च्या ऑगस्टमधला. तेव्हा काळाचा हिशेब नीटसा बसत नाही. ते त्याआधीच्या धान्यातून आले असणे शक्य आहे, आणि या वनस्पतीच्या भारतातील खुणा एकोणिसाव्या शतकापर्यंतही मागे नेल्या जातात. पण लोककथेला असल्या तारखांशी कर्तव्य नसते. लोकांनी दात्याच्या गव्हात तण पाहिले, आणि त्या तणाला नाव दिले ते मात्र गहू मागणाऱ्या पक्षाचे, पांढऱ्या टोपीवरून. एका शब्दात देणारा आणि घेणारा दोघांनाही शालजोडीतला देणारी अशी टीका कोणत्या अग्रलेखाला साधली असेल असे वाटत नाही.

व्यवहाराचा शेवट १८ फेब्रुवारी १९७४ रोजी झाला. अमेरिकेच्या खात्यावर साचलेल्या रुपयांपैकी १६६४ कोटी रुपयांचा धनादेश राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी भारत सरकारच्या हाती ठेवला. तो काळाच्या विक्रमांत जगातील सर्वांत मोठ्या रकमेचा धनादेश म्हणून नोंदला गेला. अमेरिकेला ते रुपये भारताबाहेर खर्च करता येत नव्हते, आणि भारतात एकदम खर्च केले असते तर महागाईचा भडका उडाला असता. नाशिक रोडच्या छापखान्यात ज्या नोटा छापल्या जातात त्याच चलनाचा हा डोंगर. त्यावर मालकी परक्याची आणि ओझे आपले. तो धनादेश उदारपणाचा होता, तसाच दोघांनाही सोडवणारा होता.

परंतु या स्वस्त धान्याने आणखी एक किंमत वसूल केली होती, आणि तिचा हिशेब शेतकऱ्याच्या वहीत होता. बाहेरून स्वस्त गहू आला की देशातील शेतमालाचे भाव दबतात, असा इशारा अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६०मध्येच दिला होता. शहराला स्वस्त धान्य पुरवावयाचे ही सवय सरकारला लागली ती आयात थांबल्यावरही सुटली नाही. आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची स्वित्झर्लंडमधील नोकरी सोडून चाकणजवळ कोरडवाहू शेती करू लागलेल्या शरद जोशी यांनी नेमके या सवयीवर बोट ठेवले. नोव्हेंबर १९८०मध्ये नाशिक जिल्ह्यात कांदा आणि ऊस यांच्या भावासाठी जे आंदोलन झाले, त्यात मुंबई-आग्रा रस्ता आणि रेल्वे शेतकऱ्यांनी रोखली. निफाड तालुक्यातील खेरवाडी येथे पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकऱ्यांचे प्राण गेले. शेतकरी संघटनेची घोषणा होती: ‘भीक नको, हवे घामाचे दाम’.

या घोषणेचे वाङ्‌मयीन वजन आपण पुरेसे ओळखलेले नाही. तिच्या बारा वर्षे आधी, १९६८मध्ये, संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद दिल्लीत भरली होती. मदत नको, व्यापाराची संधी द्या, असा आशियाई आणि आफ्रिकी राष्ट्रांचा सूर त्या काळच्या अशा परिषदांतून उमटत असे. घाना, टांझानिया, सेनेगल यांसारख्या नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांची तक्रार हीच होती, की आमचा कोको, कापूस, भुईमूग पडत्या भावाने घेता आणि वर मदतीचे नाव करता. निफाडच्या कांदाउत्पादकाने ती परिषद पाहिली नव्हती. पण त्याने तोच सिद्धान्त पाच शब्दांत आणि अस्सल मराठीत मांडला. ‘भीक’ आणि ‘दाम’ या दोन शब्दांच्या मध्ये त्याने ‘घाम’ ठेवला, आणि सुकडीत जे अबोध होते ते बोलून दाखवले.

मग व्यापार तरी बरोबरीचा झाला का? याचेही उत्तर नाशिक जिल्ह्यातच मिळते. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून विकिरण केंद्र उभारले, त्याचे नाव ‘कृषक’. अमेरिकेने जवळजवळ दोन दशके भारतीय आंब्याला दार बंद ठेवले होते, कारण कोयीतील भुंगा आणि फळमाशी. २००६मध्ये अध्यक्ष बुश दिल्लीस आले तेव्हा ते दार उघडण्याचे ठरले, आणि एप्रिल २००७मध्ये पहिला आंबा लासलगावच्या केंद्रातून विकिरण होऊन अमेरिकेस गेला. कोकणातील हापूस घाट चढून कांद्याच्या गावी यावयाचा, अमेरिकी निरीक्षकाच्या देखरेखीखाली किरणांतून जावयाचा, आणि मग परत मुंबईच्या विमानतळाकडे. निरीक्षकाचा खर्च भारतीय बाजूने सोसावयाचा. त्याच महिन्यात भारताने मोठ्या अमेरिकी मोटारसायकलींसाठी प्रदूषणाचे निकष सैल केले. करोनाच्या साथीत निरीक्षक येऊ शकले नाहीत म्हणून २०२० आणि २०२१ या दोन हंगामांत निर्यात थांबली. मे २०२५मध्ये विकिरणाच्या कागदपत्रांत त्रुटी असल्याचे सांगून आंब्याच्या पंधरा खेपा अमेरिकी विमानतळांवर अडवल्या गेल्या आणि त्या तेथेच नष्ट कराव्या लागल्या. दाम मिळू लागले होते. दावे मात्र सुटले नव्हते.

२०२५ या वर्षाने तर लहान-मोठ्याचा भेदही पुसून टाकला. २ एप्रिलला अमेरिकेने आयातकराची जी यादी जाहीर केली तीत दक्षिण आफ्रिकेने चहूबाजूंनी वेढलेल्या चिमुकल्या लेसोथोवर ५० टक्के कर होता. अमेरिकेच्याच २००० सालच्या सवलतीच्या कायद्यावर विसंबून त्या देशाने कापड शिवण्याचे कारखाने उभारले होते. ऑगस्टपर्यंत तो दर १५ टक्क्यांवर आला. तोवर मागण्या रद्द होऊन कामगार घरी बसले होते. त्याच ऑगस्टच्या २७ तारखेपासून भारतावरचा कर ५० टक्के झाला, रशियाचे तेल घेतो म्हणून. वीस-बावीस लाख वस्तीचा देश आणि दीडशे कोटींचा देश एकाच आकड्यापाशी आले.

येथे थांबलो तर लेख दुसऱ्याकडे बोट दाखवून संपेल, आणि ते सोयीचे असले तरी पुरेसे नाही. जुलै २०२३मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. जगातील सर्वांत मोठा तांदूळ-निर्यातदार तेव्हा आपणच होतो. सेनेगल, गांबिया यांसारख्या देशांना मग सरकारी पातळीवर विनंती करून कोटा मिळवावा लागला. सप्टेंबर २०२४पर्यंत ही बंदी चालली. डिसेंबर २०२३मध्ये कांद्याची निर्यातही बंद झाली, ती मे २०२४मध्ये उठली. त्या काळात लासलगावच्या बाजारात कांद्याचे भाव कोसळले. म्हणजे १९६६मध्ये ज्या दाव्याला आपण बांधलेलो होतो, त्याचे दुसरे टोक आता दिल्लीच्या हातात होते. एका टोकाला आफ्रिकेतील घेणारा, दुसऱ्या टोकाला निफाड-येवल्याचा पिकवणारा, आणि दोघांनाही आपापल्या चुलीचा निर्णय दूरच्या राजधानीतून कळत होता.

गांबियाच्या किंवा सेनेगलच्या एखाद्या भाषेत या तांदळासाठी काही शब्द तयार झाला असेल का? झाला असल्यास त्यात कृतज्ञता असेल, की आमच्या ‘मिलो’तली तुच्छता? दात्याला हे सहसा कळत नाही. त्याच्या दप्तरात टनांची नोंद असते, शब्दांची नसते. घेणाऱ्याची बाजू त्याच्या बोलीत राहते आणि ती बोलणारी माणसे गेली की जाते. बाहात्तर साली खडी फोडलेली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. सिन्नर, येवला, नांदगावच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरीच ती माणसे आहेत. दुष्काळाचे शब्द त्यांच्याकडून उतरवून घेण्याचे काम मराठी विभागांनी हाती घ्यावे, प्रत्येक शब्दाशेजारी तो कोणत्या धान्याचा, कोणत्या कामाचा, किती मजुरीचा हेही लिहावे. अमेरिकेने आमची पुस्तके जपली, त्याबद्दल तिचे आभार मानू. हे शब्द मात्र आपणच जपावयाचे आहेत.